एक टनाचा डबा

भूगोलाच्या सरांचं ठाम मत होतं, की मुलं वर्गात झोपतात यात शिक्षकाचा काही दोष नसतो, सगळा दोष जेवणानंतरच्या तासाचा असतो. खुद्द मुख्याध्यापिका बाईंना त्या वेळी आपल्या खोलीत डुलकी घेताना त्यांनी एकदा पाहिलं होतं. पण हा पुरावा कुठे वापरायची सोय नव्हती. त्यामुळे बाईंनी बोलावून घेऊन, "सर, हवामानबदलाचा धडा यंदा संगणकाचे सर घेतील. त्यांच्याकडे तयार फिल्म आहे," असं सांगितलं, तेव्हा सरांनी आधी घाम पुसला.

"आणि मी?"

"तुम्ही नद्या घ्या ना. नद्या तुम्ही फार छान घेता."

आता नद्यांशी सरांचं काही वाकडं नव्हतं. पण हवामान हा त्यांचा जीव की प्राण. पाऊस का पडतो, वारा कुठून येतो, हे सांगण्यात त्यांची उभी हयात गेली होती. आणि आता जग खरोखर तापायला लागलं, हवामान पहिल्या पानावर आलं, तेव्हा ते एका फिल्मच्या ताब्यात द्यायचं?

"बाई, मला एक तास द्या," ते म्हणाले. "मी शिकवतो. मग तुम्ही स्वतः येऊन कुठल्याही मुलाला काहीही विचारा. आलं नाही, तर खुशाल फिल्म लावा. वर्गातले पडदे मी स्वतः ओढून देईन."

बाईंनी पुढचा शनिवार दिला. सर बाहेर पडले ते छाती पुढे काढूनच. पण ती छाती दुपारच्या तासापर्यंतच टिकली.

त्या तासाला त्यांनी आवाज चढवून सुरुवात केली, "माणसं दरवर्षी सुमारे चाळीस अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतात!" आणि परिणाम बघायला ते थांबले. शेवटच्या बाकावरच्या झोपाळू जोडीने कूस बदलली, एवढाच परिणाम झाला. मग दुसऱ्या बाकावरून एक हात वर आला. हा हात ज्या मुलीचा होता, तिला शिक्षकांच्या खोलीत सगळे शंकासूर म्हणत. तिचा हात वर गेला की भले भले शिक्षक फळा पुसायला लागत.

"सर, एक टन म्हणजे केवढा?"

"टन म्हणजे हजार किलो."

"ते माहीत आहे सर. पण केवढा? म्हणजे या वर्गात मावेल का?"

सरांनी वर्गाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. "तो... खूप मोठा असतो."

"खूप म्हणजे?"

तेवढ्यात घंटा झाली म्हणून सर वाचले. पण शंकासुराच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते त्यांना घरापर्यंत पुरलं. तिला राग आला नव्हता की हसू आलं नव्हतं. यांनाही माहीत नाही वाटतं, एवढंच तिथे दिसत होतं.

घरी येऊन सर जेवणाच्या टेबलावरच आकडेमोड करत बसले. बायकोने दोनदा ताट सरकवलं, त्यांनी ते दोनदा परत सरकवलं. शेवटी ते ओरडले, "अगं, आपल्या खिडकीपर्यंत येईल!"

"काय येईल?"

"एक टन!"

बायकोने आधी खिडकी लावून घेतली आणि मग विचारलं, "अहो, कसला टन?" सरांनी समजावून सांगितलं. एक टन कार्बन डायऑक्साइड भरायचा तर सव्वाआठ मीटर लांब, सव्वाआठ मीटर रुंद आणि तेवढाच उंच डबा लागेल. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या यांच्या खिडकीशी त्याचं वरचं टोक येणार. असा डबा करून मुलांना आत उभं करायचं. बस्स. फळा नको, फिल्म नको.

"आणि हा डबा ठेवणार कुठे?" बायकोने विचारलं. काही माणसांना नेमका तोच प्रश्न सुचतो.

शाळेच्या मैदानाला बाईंनी साफ नकार दिला. मैदानावर नवी हिरवळ लावली होती आणि पर्यावरणाच्या दृष्टीने तिच्यावर कोणी पाय ठेवायचा नाही, असा फलक होता. मग सरांची नजर त्यांच्या इमारतीच्या आवाराकडे गेली. शाळा गल्लीच्या टोकालाच होती. शिवाय इमारतीला रंग देण्याचं काम चालू असल्यामुळे लोखंडी नळ्यांची परांची आयतीच पडून होती. रंगाऱ्यांच्या मुकादमाला आजवर कोणी भिंतीशिवाय परांची बांधायला सांगितलं नव्हतं. तो खूश झाला.

"आणि रंग कशाला द्यायचा?" त्याने विचारलं.

"कशालाच नाही."

"मग तर आजच बांधतो!"

पण ते इतकं सरळ असतं तर काय हवं होतं! पहिल्या मजल्यावर निवृत्त इंजिनिअर काका राहत. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे कोणी सल्ला मागायला आलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्यापाशी सल्ल्यांचा भरपूर साठा शिल्लक होता. "वाऱ्याचा दाब धरलाय का?" ते म्हणाले. "आम्ही पूल बांधत होतो तेव्हा..." पुलाची गोष्ट संपेपर्यंत चहा दोनदा झाला. शेवटी असं ठरलं, की चारी कोपऱ्यांना तिरक्या नळ्या द्यायच्या, वरची बाजू उघडी ठेवायची आणि चार बाजूंना कापड लावायचं.

"वर उघडं ठेवलं तर वायू निघून नाही का जाणार?" चौथ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"वायू भरायचाच नाहीये," सर म्हणाले.

"मग डबा कशाला?"

सरांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्या आठवड्यात त्यांनी ते इतक्यांदा सांगितलं, की बायको झोपेतसुद्धा "सव्वाआठ मीटर" असं पुटपुटायला लागली.

कापडासाठी सरांनी लिफ्टशेजारी चिठ्ठी लावली, "डब्यासाठी जुन्या चादरी हव्या आहेत." इथे त्यांचं चुकलं. जुनी चादर कोणाच्या घरात नसते? पण ती सबंध गल्लीला दिसेल अशी टांगायची म्हटल्यावर कुठलं अब्रूदार घर जुनी चादर देईल? प्रत्येकाने जुन्यातली त्यातल्या त्यात नवी काढली. मग शेजारणीने कोणती काढली याचा अंदाज घेऊन ती परत ठेवली आणि दुसरी काढली. ती धुतली. आणि धुतलेली चादर चुरगळलेली कशी द्यायची, म्हणून सबंध इमारतीने एकाच संध्याकाळी इस्त्र्या लावल्या.

व्हायचं तेच झालं. एक ठिणगी उडाली, फट् असा आवाज झाला आणि सगळी इमारत अंधारात बुडाली. कार्बन वाचवायचं शिकवण्यासाठी एवढी वीज त्या इमारतीने एका वेळी कधीच जाळली नसेल. सरांच्या ते लगेच ध्यानात आलं, पण त्यांनी ते स्वतःपाशीच ठेवलं. कारण तेवढ्यात लिफ्टमधून आवाज यायला लागला होता. दोन मजल्यांच्या मध्ये इमारतीचे सेक्रेटरी अडकले होते.

सेक्रेटरींविषयी थोडं सांगायलाच हवं. गृहस्थ वाईट नव्हता. पण स्वतःच्या पायांवर त्याचा विश्वास नव्हता. कोपऱ्यावरच्या टपरीवरून वर्तमानपत्र आणायलाही तो गाडीने जायचा, आणि रस्ता एकेरी असल्यामुळे सबंध वस्तीला वळसा घालून परत यायचा. तेवढ्या वेळात वर्तमानपत्र शिळं व्हायचं. अशा माणसाला लिफ्टच्या फटीतून हात धरून ओढून काढावं लागलं, आणि वर राहिलेला दीड मजला जिन्याने चढावा लागला. वर पोचल्यावर धापा टाकतच त्यांनी जाहीर केलं, "नगरपालिकेच्या परवानगीशिवाय या आवारात काडीसुद्धा उभी राहणार नाही!"

दुसऱ्या दिवशी सर नगरपालिकेत गेले.

"काय बांधताय?" खिडकीमागच्या कारकुनाने विचारलं.

"डबा. तात्पुरता."

"आत काय ठेवणार?"

"काही नाही."

"रिकामं बांधकाम?" कारकुनाने मान हलवली. "रिकाम्या बांधकामाला परवानगी नाही. वापर दाखवावा लागतो."

"बरं, मग आत कार्बन डायऑक्साइड आहे असं धरा."

"वायूचा साठा?" कारकून सावध झाला. "त्याला अग्निशमनची ना-हरकत लागेल."

सर अग्निशमन केंद्रात गेले. तिथला अधिकारी सज्जन होता. "हा वायू आग लावत नाही, आग विझवतो," तो म्हणाला. "आम्ही कशी हरकत घेणार?" सरांचा जीव भांड्यात पडला. "मात्र हरकत घेता येत नाही, तिथे ना-हरकत पण देता येत नाही," असं तो म्हणाला आणि जीव भांड्यातून पुन्हा बाहेर आला. जाता जाता त्याने विचारलं, "पण हा साठा सध्या आहे कुठे?"

"सगळीकडे," सर म्हणाले. "तुमच्या टेबलावरसुद्धा."

अधिकाऱ्याने नकळत टेबलावरचा चहा झाकला.

त्या संध्याकाळी सरांनी हात टेकले. शुक्रवार तोंडावर आला होता. कोचावर बसून ते म्हणाले, "जाऊ दे. नद्याच घेतो मी."

हे ऐकून मात्र बायको उठली. लग्न झाल्यापासून वाऱ्यांची नि ढगांची नावं ऐकत ती संसार करत आली होती. त्या सगळ्याच्या बदल्यात नवऱ्याने नद्या पत्कराव्यात, हे तिला सहन होईना. "अहो, तुम्ही त्यांना डबा कशाला सांगता?" ती म्हणाली. "चादरीच आहेत ना? नुकत्याच धुतल्यात ना? मग वाळत घातल्यात म्हणा की!"

सर कोचावरून ताडकन उठले.

सकाळी नगरपालिका उघडायच्या आत ते दारात हजर होते. "कपडे वाळत घालण्याची तात्पुरती सोय," ते म्हणाले.

"कपडे होय!" कारकुनाचा चेहरा उजळला. "अहो, त्याला परवानगीच लागत नाही." तरीही त्याने अर्जावर शिक्का मारून दिला. एवढे हेलपाटे घातलेल्या माणसाला शिक्क्याशिवाय परत पाठवणं त्याच्या जिवावर आलं असावं.

सेक्रेटरींनी शिक्का उजेडात धरून पाहिला, उलटा करून पाहिला. "ठीक आहे," ते म्हणाले. "वाळत घाला. पण माझी गाडी माझ्या जागेवर आहे आणि ती जागेवरच राहील. मी ती हलवणार नाही."

एका बाजूला कुंपण, दुसऱ्या बाजूला झाड, आणि डबा मावेल अशी जागा आवारात एकच. तिच्या बरोबर मध्यभागी सेक्रेटरींची गाडी. डबा थोडा लहान करावा असं इंजिनिअर काकांनी सुचवलं. "लहान केला तर तो एक टन राहील का?" सर इतक्या मोठ्याने म्हणाले, की सेक्रेटरीही दोन पावलं मागे सरले. "गाडी राहू दे. तिच्याभोवती बांधा!"

मुकादमाने बांधलं. मग चादरी लावताना दर्शनी बाजूला कोणाची चादर यावी यावरून दोन मजल्यांमध्ये अबोला झाला. सरांच्या बायकोने पाहुण्यांसाठी जपलेली चादर काढून दिली, आणि ती सरळ मध्यभागी लावून प्रश्न संपवला. तिच्या शेजारी पिवळ्या बदकांची एक चादर होती. ती पाहून सेक्रेटरी थबकले. घरी जाऊन त्यांनी पलंग पाहिला. बायको म्हणाली, "इमारतीत सगळ्यांनी दिली. आपणच नाही द्यायची, म्हणजे लोक काय म्हणतील?"

शनिवारी सकाळी वर्ग रांगेने आवारात आला. पुढे मुख्याध्यापिका बाई, मागे संगणकाचे सर. न जाणो लागली तर, म्हणून त्यांनी फिल्म खिशात आणली होती. सगळ्या गच्च्या नि खिडक्या माणसांनी भरल्या होत्या. इंजिनिअर काका एका कोपऱ्याची नळी घट्ट धरून उभे होते. धरायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि सोडायला सांगायची कोणाची छाती नव्हती.

सरांनी दोन चादरी बाजूला केल्या आणि मुलं आत शिरली. शिरताना चाललेला गलका आत गेल्यावर हळूहळू विरत गेला. चारी बाजूंना फुलं, रेघा, बदकं वर वर चढत गेली होती, आणि पार वर, तिसऱ्या मजल्याशी, आभाळाचा एक चौकोन होता. सगळ्या माना मागे कलल्या.

"सर," शंकासूर हळू आवाजात म्हणाली, "हा एकच टन?"

"एकच."

"आणि दर वर्षी असे चाळीस अब्ज?"

"हो बाळा."

ती खालीच बसली. कोणी हसलं नाही. सरांनी आजवर शांत वर्ग पुष्कळ पाहिले होते. पण जागा असूनही शांत असलेला वर्ग ते पहिल्यांदाच पाहत होते. त्यांना भरून आलं आणि डोळे पुसायला त्यांना चादरीकडे तोंड करावं लागलं.

"सर, पण ही गाडी का ठेवलीय?" कोणीतरी विचारलं.

"मीही तेच बघतेय," मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या. "छान कल्पना आहे."

आता खरं सांगावं की काय, अशा विचारात सर असतानाच चादर फाकवून सेक्रेटरी आत आले. गाडीला ओरखडा पडतो की काय, या काळजीने त्यांना वर राहवेना.

शंकासूर उठली. "काका, ही तुमची गाडी? ही वर्षाला असे किती डबे भरते?"

गाडीविषयी इतक्या आदराने सेक्रेटरींना आजवर कोणी काही विचारलं नव्हतं. गाडी वर्षाला किती चालते, किती पेट्रोल खाते, हे त्यांनी तोंडपाठ सांगितलं. "एक लिटर पेट्रोल जळलं की सव्वादोन किलोहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड," सर म्हणाले.

"पण सर, एक लिटर पेट्रोलचं वजन तर किलोभरसुद्धा नसतं!"

"बरोबर. जळताना त्याला हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो. त्याचं वजन." हे उत्तर त्यांनी असं झटक्यात दिलं, की शंकासुराने मान डोलावली. मग मुलं हिशेबाला लागली.

"दोन डबे, आणि वर थोडं!"

"दोन!" सेक्रेटरींनी छाती फुगवली आणि नळी धरून उभ्या असलेल्या काकांकडे पाहिलं. "तुमचे किती?"

काका चादरीआडूनच म्हणाले, "आमची गाडी मोठी आहे. अडीच तरी धरा."

"आम्ही तर सुट्टीत विमानाने जातो बाई," वरून चौथ्या मजल्यावरचा आवाज आला. "आमचे चार नक्की!" मग काय विचारता, सगळ्या इमारतीला ऊत आला. प्रत्येक खिडकी आपला आकडा वाढवून सांगू लागली. एकाने तर भाच्याची गाडीसुद्धा आपल्यात धरली.

शंकासुराने तोंडाभोवती दोन्ही हात धरून वर आवाज दिला, "अहो काका, अहो काकू! ज्याचे कमी, त्याचा पहिला नंबर!"

वर चिडीचूप झालं.

"तसं पाहिलं तर," थोड्या वेळाने काका खाकरले, "आमची गाडी फारशी बाहेर पडतच नाही."

"विमान काय, आमच्यासाठी थोडंच उडतं? ते जाणारच असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मी तर परवाच जिन्याने वर गेलो!" सेक्रेटरी म्हणाले. "हवं तर सरांना विचारा!"

"गेले होते," सर म्हणाले. दीड मजला, हे त्यांनी मोठ्या मनाने गाळलं.

हसण्याच्या गडबडीत मुख्याध्यापिका बाईंनी घसा साफ केला. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो क्षण आला होता. बाईंनी वर्गावरून नजर फिरवली आणि ती बरोबर झोपाळू जोडीवर थांबवली. सरांनी डोळे मिटून घेतले. हे दोघं वर्षभर एकाही प्रश्नाला जागे नव्हते.

"तुम्ही सांगा. एक टन कार्बन डायऑक्साइड म्हणजे केवढा?"

जोडीने एकमेकांकडे पाहिलं. मग दोघं एकदमच म्हणाले, "बाई, तुम्ही त्याच्या आत उभ्या आहात."

बाईंनी मान वर केली. बऱ्याच वेळाने खाली केली. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली, चारी बाजू टम्म फुगल्या, आणि "दाब! दाब!" असं ओरडत काकांनी नळीला मिठी मारली. मुलं टाळ्या पिटू लागली. त्या गोंधळात संगणकाचे सर सरांच्या जवळ सरकले आणि कानाशी म्हणाले, "सर, माझ्या स्कूटरचा किती होईल हो?"

आणि अर्थातच, एक हात वर आला. "सर, हा डबा करायलासुद्धा कार्बन गेला असेल ना? त्या चादरी धुतल्या, इस्त्री केल्या..."

सर मनातून हादरले. तोंडाने म्हणाले, "तो हिशेब... पुढच्या तासाला."

"कोणाच्या पुढच्या तासाला?" शंकासुराने विचारलं. शाळेत काय चाललंय हे मुलांना शिक्षकांच्या आधी कळतं.

सरांनी बाईंकडे पाहिलं. बाई अजून बदकांकडे पाहत होत्या. "भूगोलाच्या," त्या म्हणाल्या. "आणि सर, जेवणानंतरचा तास नको. सकाळचा पहिला घ्या."

सोमवारी सकाळी आवारात काही नव्हतं. नळ्या पुन्हा भिंतीला लागल्या होत्या, चादरी ज्याच्या त्याच्या घरी गेल्या होत्या. सेक्रेटरींची गाडी तेवढी आपल्या जागेवर मोकळ्या फरशीत उभी होती. सर पहिल्या तासाच्या तयारीत, खिडकीशी उभे राहून शर्टाची बटणं लावत होते. खाली जिन्यातून सेक्रेटरी बाहेर पडले. हातात किल्ली होती. गाडीकडे पाहत ते थोडा वेळ उभे राहिले, मग त्यांनी किल्ली खिशात टाकली आणि ते टपरीच्या दिशेने चालू लागले.

फाटकाकडे जायचा सरळ रस्ता त्या मोकळ्या फरशीवरूनच होता. पण सेक्रेटरी तिथे येऊन वळले. कुंपणाच्या कडेकडेने, जिथे चादरी होत्या त्यांच्या बाहेरून, अंग चोरत ते कोपऱ्यापर्यंत गेले, तिथे काटकोनात वळले आणि मगच फाटकातून बाहेर पडले.

"अगं, इकडे ये, लवकर!" सरांनी हाक मारली. "तो बघ, अजून डबा चुकवून चाललाय!"